पाचवीचा लाल मध

दुसऱ्यांचे नवरे रिटायर झाले की सकाळी फिरायला जातात, बीपी मोजतात आणि बायकोला फोडणी कशी द्यायची ते शिकवतात. आमच्या ह्यांनी हे सगळं केलंच, वर मधमाश्या पाळल्या. कुठलंसं चार दिवसांचं ट्रेनिंग करायला गेले आणि परत आले ते थेट प्रोफेसर होऊन. पिशवीत जाळीची टोपी, धूर करायचा डबा, आणि तोंडात 'आहार' हा शब्द.

पालेगावातली आमची जमीन बिल्डरला गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. बदल्यात फ्लॅट मिळाले, वरची गच्ची मिळाली. सासऱ्यांचं भात जिथे उभं राहायचं तिथे सोसायटीचं क्लबहाऊस आहे आणि त्याच्यापुढे प्लास्टिकचं गवत. ते गवत धुवायला माणूस ठेवलाय. असो. तर त्या गच्चीवर ह्यांनी दोन लाकडी पेट्या मांडल्या, त्यांत सातेरी जातीच्या माश्या आणून सोडल्या आणि बिल्डिंगमधल्या लोकांना लिफ्टमध्ये गाठून ज्ञान द्यायला सुरुवात केली. लोक जिने चढून जायला लागले. सोसायटीची तब्येत सुधारली, एवढा फायदा मात्र झाला.

ज्ञान काय, तर एकच. "राणी माशी आणि कामकरी माशी, दोघी एकाच प्रकारच्या अंड्यातून निघतात. जनुकं डिट्टो सेम. फरक कशाने पडतो? खाण्याने! जिला शेवटपर्यंत रॉयल जेली चारली ती राणी. जिची जेली मध्येच बंद करून परागकण आणि मध चालू केला ती कामकरी. जनुकं तीच गं, पण त्यातलं कुठलं बटण दाबायचं ते खाणं ठरवतं!"

हे प्रवचन जेवणाच्या टेबलावर व्हायचं. मी तेव्हा सुरमई तळत असायचे. आता आमच्या घरची रीत सांगते. सुरमईची मधली तुकडी पुरुषांना, मग मुलग्यांना. शेपटी आणि डोकं बायकांना, पोरींना. कुणी तसा कायदा केलेला नाही हो, आपोआपच होतं ते, सासूबाईंचा हात आपोआपच तसा वळतो. माझ्या लेकीचं अर्धं बालपण शेपटीचे काटे चोखण्यात गेलं. आणि हा माणूस मधली तुकडी पुढ्यात घेऊन, बोटं चाटत, मला समजावत होता की सारख्याच अंड्यांना वेगवेगळं खायला घातलं की काय होतं!

मी म्हटलं, "हो का? आणि कुणाला काय चारायचं ते कोण ठरवतं?"

"कामकरी माश्याच ठरवतात."

"म्हणजे बायकाच."

"हो, पण पोळ्याच्या भल्यासाठी," हे म्हणाले आणि दुसरी तुकडी घेतली.

सासूबाईंनी मान डोलावली. "बराबर हाय त्याचं. सगला खान्यावर हाय." नव्वदीला टेकल्यात, पण मुलगा बोलला की मान डोलवायचं काही चुकत नाही. मी गॅस बंद केला आणि मुकाट्याने डोकं जेवले. सुरमईचं.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग आजूबाजूचे उरलेसुरले आंबे, जांभळं, शेवगे पडले आणि तीन टॉवर उभे राहिले. टॉवरवाल्यांनी झाडं लावली नाहीत असं नाही. लावली, पण ती दिसायला सुंदर आणि माशीच्या दृष्टीने बिनकामाची. बोगनवेलीवर माशी जायची आणि हात हलवत परत यायची. ह्यांनी मग साखरेचं पाणी ठेवायला सुरुवात केली. थोडं ठेवायचं असतं, उपासाच्या दिवसांत. पण ह्यांचं प्रेम उतू जात होतं, त्यामुळे हंगाम असो नसो, वाट्याच्या वाट्या.

परिणाम असा की माश्या लांब जाईनाशा झाल्या. गच्चीच्या कठड्यापर्यंत जायच्या आणि वळायच्या. शिवाय एके दिवशी धडधाकट पेटीने शेजारच्या अशक्त पेटीवर दरोडाच घातला. दारात मारामारी, खाली मेलेल्या माश्यांचा सडा. हे हळहळले. "माशी मुळात प्रामाणिक असते गं. परिसर बिघडला, खाणं बिघडलं की तिचा स्वभाव बिघडतो. सख्ख्या शेजारणीला लुटते."

जमिनीच्या वाटणीवरून सख्ख्या भावाशी चार वर्षं न बोललेला माणूस हे सांगत होता. मी मिठाची गुळणी धरली. दीर खालच्याच मजल्यावर राहतात. बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, ते बिघडवायचं माझ्या काही अंगात आलं नव्हतं.

आणि स्वभाव बिघडण्याचं म्हणाल तर आमच्या गावात हळदीला जो डीजे लागतो, त्याने माणसांची डोकी फिरतात, तिथे माशीचं काय. हळदीच्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालायला जाण्याची कुणाची टाप नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा सुजलेलं नाक घेऊन कॉलेजला गेला. ह्यांनी त्यालाही आहार समजावला.

यंदा होळीच्या आधी ह्यांनी मध काढला, आणि तो निघाला लाल.

लालसर वगैरे नाही हो, लालबुंद. बरणी उजेडात धरली की सरबतच वाटावं. मी म्हटलं हे काय झालं? हे क्षणभर गडबडले, पण प्रोफेसर तो प्रोफेसर. "पळस!" म्हणाले. "बारवी धरणाच्या बाजूला जंगलात पळस पेटलाय. आपल्या माश्या तिथवर जाऊन आल्या."

ज्या माश्या गच्चीचा कठडा ओलांडायला कंटाळतात त्या बारवीला जाऊन आल्या! मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "तुला निसर्ग कळत नाही." सासूबाईंनी बरणीला हात जोडले. त्यांच्या मते तो देवीच्या कुंकवाचा रंग होता, घरात शुभ व्हायचं होतं त्याची खूण. आणि शुभ तर व्हायचंच होतं, कारण माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरले होते. झालं! पळस आणि देवी एकत्र आले. बिल्डिंगभर बातमी गेली. बायका वाट्या घेऊन प्रसादासारखा तो मध मागायला आल्या. ज्या बायका सुपरमार्केटात बाटलीवरची एक्सपायरी दोनदा वाचतात, त्यांनी तो लाल मध कपाळाला लावून चाटला.

आणि मग घरात महाभारत सुरू झालं, त्याचं कारण ही बरणीच.

आमच्याकडे अशी समजूत आहे की बाळाच्या पाचवीला, म्हणजे जन्मानंतर पाचव्या दिवशीच्या पूजेला, बोटातली सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावायची. आणि ज्याच्या हातून तो मध लागेल त्याचा स्वभाव बाळात उतरतो. त्यामुळे कोणाच्या हातून चाटवायचा हा मोठा प्रश्न. ह्यांना तर विज्ञानाचाच आधार मिळाला. "बघ, आपल्या लोकांना हे आधीपासून माहीत होतं. पहिलं खाणं, पहिला संस्कार. माशीत काय आणि माणसात काय!" त्यामुळे बोट ह्यांचंच हवं. का? तर ह्यांचा स्वभाव शांत. हे त्यांनी ओरडून सांगितलं.

विहीणबाई उल्हासनगरच्या, कॅम्प चारच्या. मराठीच, पण चाळीस वर्षं सिंधी व्यापाऱ्यांच्या शेजारात दुकान चालवल्याने बोलण्यात तोच तोरा. त्या फोनवर म्हणाल्या, "वैनी, राग मानू नका, पण बाळ आमच्या घरचं. धंद्याचं डोकं लागतं आजकाल. बोट माझंच लागेल, ये तो फिक्स है." दीर म्हणाले, "मोठ्या मनाचा माणूस पाहिजे." तो माणूस कोण, हे त्यांनी नम्रपणाने सांगितलं नाही, नुसती अंगठी फिरवत बसले. प्रत्येक जण आपापला स्वभाव गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसा मांडत होता. एवढे सद्गुण आमच्या नात्यागोत्यात आहेत याचा मला इतक्या वर्षांत पत्ताच लागला नव्हता.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. आणि आमची मंडळी इतकी सुधारलेली की कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "आम्ही मुलगा-मुलगी भेद मानत नाही," दीर पेढे वाटताना प्रत्येकाला सांगत होते, न विचारता.

दवाखान्यातून निघताना बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला आणि मला समोर बसवून बजावलं, "सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नको, घुटी नको. आणि मध तर वर्षभर अजिबात नाही. मधात कधीकधी जंतूंचे सुप्त कण असतात, आपल्याला ते बाधत नाहीत, पण एवढ्याशा आतड्याला झेपत नाहीत. बाळ लुळं पडतं, श्वासावर बेततं. कितीही शुद्ध असू दे, घरचा असू दे, द्यायचा नाही."

घरी येऊन मी हे शब्दन्‌शब्द सांगितलं. हे हसले. "डॉक्टरला बाजारचा मध माहीत. माझ्या माश्या मी वाढवल्यात." सासूबाई म्हणाल्या, "आमी काय मेलो?" आता त्या जिवंत आहेत म्हणून हा मुद्दा बिनतोड. पण त्यांच्या धाकट्या दोन भावंडांचं काय झालं, ते त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. लहानपणीच गेली दोघं, कशाने ते कुणाला कळलं नाही. ते मी बोलले नाही. चेष्टा चेष्टेच्या जागी. ते एवढंसं पिल्लू, मूठ उघडताही न येणारं, आणि त्याच्याभोवती ही अंगठ्या परजलेली माणसं! मी लेकीला म्हटलं, खोलीला कडी लाव. ती म्हणाली, "आई, कडी किती दिवस लावू? बघते मी."

पाचवीला घर भरलं. पाटा-वरवंट्याची पूजा झाली. विहीणबाई रिक्षातून उतरल्या त्या पैठणी नेसून, खांद्याला मोठी पर्स. चांदीच्या वाटीत लाल मध काढून ह्यांनी तो मधोमध ठेवला आणि पाहुण्यांना पळसाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. जंगल, पळस, माशीची चिकाटी. ऐकणारे मान डोलवत होते, जेवण अजून वाढलं नव्हतं म्हणून.

तेवढ्यात दारात दिरांचा भाडेकरू आला. कॅम्प चारचा सिंधी व्यापारी. आमच्या बिल्डिंगच्या मागे दिरांचा जुना गाळा आहे, तो यानेच घेतलाय. त्यात तो टुटीफ्रुटी बनवतो, म्हणजे केकवर, पानात घालतात ते लाल-हिरवे पपईचे तुकडे. बिचारा मुलगी झाल्याचं ऐकून एक किलोचा डबा घेऊन आला होता. ह्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, बधाई हो! लक्ष्मी आयी है. आता खुशीचा दिवस आहे म्हणून बोलतो, बुरा मत मानना. तुमच्या मधमाश्यांचं कायतरी करा ना. आमच्या चाशनीच्या ड्रमवर बसून राहतात दिवसभर. त्या पण फक्त लालवाल्या ड्रमवर! हिरव्याला हात नाय लावत. रोज सकाळी चाळणी मारून मेलेल्या काढतो, साईं, धंदा कसा करायचा?"

मग दीर खोकले. मग कुणीतरी वाटीकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच. सोसायटीतल्या ज्या बाईने तो मध कपाळाला लावला होता, ती पदराने कपाळ पुसायला लागली.

मला इतकं हसू आलं की मी स्वयंपाकघरात पळाले. बारवीचं जंगल म्हणे! पपईचा पाक पिऊन आलेल्या माश्या आणि रंगाच्या पुडीचं कुंकू. पण ह्यांना मानलं पाहिजे. तोंडचं पाणी पळालं तरी ज्ञान पळालं नव्हतं. दारातून ह्यांचा आवाज ऐकू आला, "बघा, हेच तर मी म्हणत होतो! परिसर. परिसरात पळस नाही, तर माशी पाकावर जाणार. तिचा काय दोष?"

मला वाटलं, चला, ब्याद टळली, आता कोण तो मध देतंय. कसलं काय! आमच्या माणसांना ओळखायला मी पस्तीस वर्षांतही कमी पडते. रंग लागला म्हणून हा मध बाद झाला, एवढंच सगळ्यांनी धरलं. म्हणजे दुसरा आणा! विहीणबाईंनी शांतपणे पर्स उघडली आणि बाटली काढली. सीलबंद. "मला माहीतच होतं. म्हणून घरूनच घेऊन आले. एकदम ओरिजिनल माल आहे." दीर म्हणाले, "हा चालेल." सासूबाई म्हणाल्या, "आणा, आणा, येल नका घालवू." ह्यांनी तोंड वाकडं करून का होईना, वाटी धुऊन आणली. अंगठी पुन्हा चमकली. विहीणबाई पुढे, त्यांच्यामागे हे, त्यांच्यामागे दीर, अशी ती वरात लेकीच्या खोलीकडे निघाली.

तेव्हा माझं हसू थांबलं. मी दाराशी आडवी झाले. म्हटलं, "डॉक्टरांनी नाही सांगितलंय. बाळाच्या जिवाशी खेळ चाललाय तुमचा!"

"थेंबभर तर लावायचाय," विहीणबाई म्हणाल्या.

"स्वभाव लागायला पाहिजे ना काहीतरी," दीर म्हणाले.

"तू बाजूला हो," हे म्हणाले. हा तो शांत स्वभाव.

आतून लेक म्हणाली, "आई, येऊ दे त्यांना."

मी दारातून सरकले. सगळे आत गेले. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, पिल्लू पदराआड पीत होतं. तिने सगळ्यांकडे नीट बघितलं.

"बाबा, तुम्हीच सांगता ना, पहिलं जे खाणं पडतं त्यावर सगळं ठरतं?"

"हो तर," हे खुलले.

"आणि आजी, जो पहिल्यांदा चाटवेल त्याचा स्वभाव लागतो?"

"मंग? पयल्यापासून चालत आलंय."

"मग पाच दिवस, रात्रंदिवस, हिला मी पाजतेय. पहिलं खाणं झालं. लागायचा तो स्वभाव लागून बसला. आता तुम्ही कितीही बोटं घातलीत तरी उपयोग काय?"

विहीणबाईंनी बाटलीचं झाकण उघडलं होतं, ते पुन्हा लावलं. धंद्याचं डोकं होतं खरं, तोटा लगेच ओळखला. सासूबाई पुटपुटल्या, "मंग ही पन झगराखोर होनार." लेक म्हणाली, "होऊ दे." तिचा आवाज जराही चढला नव्हता. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. वाटलं, सुटलं पिल्लू.

पण हे, हार मानून गप्प बसतील तर शपथ. चार लोकांत इज्जत राखायची म्हणून हसत हसत म्हणाले, "बरं बाई, जिंकलीस. पण आये, मला एक सांग, ही एवढी हट्टी कुणावर गेली? हिला पाचवीला मध कोणी चाटवलेला? त्याला धरला पाहिजे!"

सगळे हसले. दिरांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. म्हातारीने खरंच आठवून बघितलं.

"हिला?" त्या म्हणाल्या. "हिला कोन चाटवनार? पोरगी झाली कललं, तर पाचवीला कोनी आयलंच नाय. वाटी काय कपाटातून काढलीच नव्हती."

म्हातारीच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. मला ती दुपार चांगली आठवत होती. पाट मांडलेला, दिवा लावलेला, आणि मी हिला मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलेली. हिला मी ते कधी सांगितलं नव्हतं. लेकीने माझ्याकडे बघितलं, खरं का म्हणून. मी मानेनेच हो म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पिल्लाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

मला मात्र भर पाहुण्यांत रडू फुटलं. हे रिकामी वाटी हातात धरून उभे होते, आणि मधमाश्यांबद्दल सांगण्यासारखं ह्यांना काहीच सुचत नव्हतं.